गडूभर अंटार्क्टिका

मी अंटार्क्टिकाला गेलो तो अंगठ्यामुळे.

आमच्या सासुरवाडीचा एक व्हाट्सअप ग्रुप आहे आणि त्यावर बायकोचे मामा रोज पहाटे एक लांबलचक मजकूर टाकतात. कधी शेळीच्या पोटातले जंत, कधी म्हैस दूध का चोरते, कधी नुसताच रात्रीच्या आभाळाचा वृत्तान्त. जावयानं हे वाचलंच पाहिजे असं नाही, पण वाचल्यासारखं दिसलं पाहिजे. म्हणून मी दात घासता घासता खाली अंगठा उमटवायचो. इतक्या वर्षांत मामांचा एकही मजकूर मी शेवटपर्यंत वाचलेला नाही, आणि मामांच्या लेखी माझ्याइतका एकनिष्ठ वाचक अख्ख्या नात्यात दुसरा नाही.

त्या दिवशीही उमटवला. आंघोळ केली, माजलगावच्या धरणावर आमची कचेरी आहे तिथं गेलो, आणि खुर्चीला पाठ लागते तोच मामांचा फोन.

"जावईबापू," मामांचा आवाज भरून आला होता, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"काय झालं मामा?"

"एवढं मोठं खानदान. त्यात एकच माणूस निघाला. आन् तो बी जावई."

मला ओ की ठो कळलं नाही, पण कौतुक चाललंय एवढं कळलं. कौतुक चालू असताना मध्ये प्रश्न विचारायचा नसतो. मी म्हणालो, "त्यात काय मामा, आपलं कर्तव्यच आहे."

फोन ठेवल्यावर मजकूर उघडला. "पोरीनं आमा दोघांचं दक्षिण ध्रुवाकडं जाणाऱ्या जहाजाचं बुकिंग केलं हाय. तुमची मामी येत न्हाई म्हणती. जागा वाया जाती. ज्याला यायचं त्यानं अंगठा द्यावा. पहिला अंगठा पक्का." खाली एकच अंगठा होता. माझा.

दुपारी बायकोचा फोन. तिनं काही विचारलं नाही, चिडलीही नाही. एवढंच म्हणाली, "तुमच्या स्वेटरला कसर लागलीय. लग्नातला आहे तो."

तर हे मामा. ढोरांचे डॉक्टर. सगळी नोकरी जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांत काढली आणि निवृत्त झाल्यावर बीडजवळ पालीला, बिंदुसरेच्या धरणाच्या अंगाला, घर बांधून राहिले. मुलगी कॅनडात. अख्खा गाव त्यांना 'डॉक्टर' म्हणतो, आणि मामाही माणूस आणि जनावर असा फरक फारसा करत नाहीत. कोणीही भेटलं की नमस्काराआधी कान धरतात. कान गरम असला तर ताप. मग खालची पापणी ओढून आतला रंग बघतात. हे सगळं झाल्यावर "बसा" म्हणतात. त्यांच्या घरी आलेला बँकेचा मॅनेजर एकदा कान धरल्यावर इतका गांगरला, की ज्या कामाला आला होता ते न सांगताच निघून गेला. मामा म्हणाले, "बुजरं हाय."

मी मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा मुलीकडच्यांनी रीतीप्रमाणं शिक्षण विचारलं, नोकरी विचारली, शेत किती ते विचारलं. मामा कोपऱ्यात गप्प बसले होते. सगळ्यांचं झाल्यावर उठले, माझा कान धरला, पाठीवरून हात फिरवला, बरगडीत एक बोट खुपसलं आणि परत जागेवर जाऊन बसले. "गरीब हाय," ते माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना म्हणाले. "मारकं न्हाई. द्या."

ह्या शिफारशीवर माझं लग्न झालं. आजही माझ्या चालण्यात जरा काही वेगळं दिसलं की मामा सगळ्यांसमोर सांगतात, "जावईबापू, मागच्या डाव्या पायावर जोर देऊ नका." मला पुढचे पाय नाहीत हे त्यांना ठाऊक आहे. पण सवय.

मामांची काही वाक्यं आमच्या घरात म्हणीसारखी चालतात. "थंडी अंगात नसती, बोलण्यात असती," हे त्यातलं एक. बाराही महिने ते गच्चीवर झोपायचे, अंगावर धनगराकडून घेतलेली काळी घोंगडी. मेमध्येही तीच, डिसेंबरातही तीच. मेमध्ये घोंगडी कशाला असं विचारलं तर म्हणायचे, "ती माझ्यासाठी न्हाई. तिला एकटं वाटतं."

मग ह्या माणसाला अंटार्क्टिका कुठून सुचली? मीही विचारलं. अंगठा दिलेला माणूस म्हणून तेवढा अधिकार मला होता. मामा गोठ्यासमोर बाजेवर बसले होते. समोरची म्हैस दावं ताणून त्यांच्यापासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब उभी होती.

"ही बघा," मामा म्हणाले. "हिला मी वाचवलंय. आडवं रेडकू काढलंय हिचं. आन् मला बघितलं की दावं तोडती. जिंदगीभर हेच. म्हशी, बैल, शेळ्या, कुत्री, एक जनावर मला बघून कधी खुश झालं न्हाई. मी दिसलो म्हणजे सुई. पोरीनं विचारलं, बाबा, कुठं जायचं तुमाला? मी म्हणलं, असं एखादं ठिकाण हाय का, की जिथल्या जनावराला माणूस म्हणजे काय तेच ठाऊक न्हाई? ती म्हणली, हाय."

म्हैस रेकली. मामा म्हणाले, "ऐकलंत? शिव्या देती."

मामींचं मात्र वेगळं होतं. मामींना काशीला जायचं होतं आणि ते सगळ्या गावाला माहीत होतं. लग्न झाल्यापासून ठरत आलं आणि दर वेळी कुठलं तरी जनावर आडवं आलं. एकदा लाळ्या-खुरकताची साथ. एकदा कुणाची गाय अडली. एकदा तर दोघं बीडच्या स्टँडवर गाडीत बसले होते, तिथं एक माणूस धापा टाकत आला, "डॉक्टर, बैलानं खिळा गिळला," आणि मामा खिडकीतून उतरले. मामी दारातून उतरल्या. निवृत्तीनंतर जनावरं आडवी यायची थांबली तर मामा म्हणू लागले, "तिथं लई गर्दी असती." ह्या काशीसाठी मामींनी एक तांब्याचा गडू घेऊन ठेवला होता, वर घट्ट झाकण असलेला, गंगा आणायला असतो तसला. दर सणाला तो चिंचेनं लख्ख व्हायचा आणि रिकामाच देवाजवळ जाऊन बसायचा.

त्यामुळं जहाजाचं कळल्यावर मामी आठवडाभर मामांशी बोलल्या नाहीत. भांडी बोलत होती. मग एक दिवस मी पालीला गेलो असताना त्यांनी तो गडू आणून मामांच्या समोर ठेवला.

"जावा तुमी. मी आडवी येत न्हाई. पण आल्यावर मावंदं घालायचं."

काशी करून आलेला माणूस घरी गंगेचा गडू पुजतो, तो सगळ्यांसमोर फोडतो, पळी पळी तीर्थ वाटतो आणि भावकीला, गल्लीला जेवू घालतो. ते मावंदं. ते घातल्याशिवाय आमच्याकडं यात्रा पुरी झाली असं धरत नाहीत.

"आगं, ही काय यात्रा हाय का?" मामा म्हणाले. "तिथं देव न्हाई, देऊळ न्हाई. बर्फ हाय नुसता."

"पाणी हाय का न्हाई?"

"पाणीच पाणी हाय."

"मग ह्यात तेवढं आणा. जगाच्या टोकाचं पाणी म्हणजे काय कमी हाय? तेवढं आणलं की माझी काशी झाली समजंन मी. पुना नाव काढणार न्हाई." मग पदर सारखा करून म्हणाल्या, "कावून गप बसलाव? जड हाय का गडू?"

मामांनी गडू उचलला. "आणतो. शब्द दिला."

मी तेव्हा मनात म्हणालो, स्वस्तात सुटले. दोघंही.

मग मामांनी माझा सराव घ्यायला सुरुवात केली. ऑक्टोबरचा उकाडा, पालीच्या अंगणात बाजेवर आम्ही दोघं शेजारी शेजारी, समोर दोन घमेली, घमेल्यांत बीडहून आणलेल्या लादीचा बर्फ आणि बर्फात आमचे पाय. रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. एकानं विचारलं, "डॉक्टर, पाव्हण्याला खुरकत झाली का?" मामा म्हणाले, "न्हाई बे, होऊ नाही म्हणून." मी पाय काढायला लागलो की ते माझ्या गुडघ्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "बोलू नका. बोललं की थंडी वाजती." मला पडसं झालं. मामांना काहीच झालं नाही. त्यांनी माझा कान धरून पाहिला आणि समाधानानं म्हणाले, "अंगात यायलीय."

कचेरीत परवानगी मागायला गेलो तर साहेबांनी विचारलं, कोणत्या देशात जाणार? मी म्हणालो, साहेब, तो कुणाचाच देश नाही. साहेब म्हणाले, मग परदेशाची परवानगी कशाला मागता? ह्यावर आम्ही दोघं बराच वेळ विचार करत बसलो. शेवटी साहेबांनीच मधली वाट काढली, अर्जेंटिनापर्यंतची परवानगी दिली आणि म्हणाले, पुढचं तुमच्या जबाबदारीवर.

अर्जेंटिनाच्या शेपटाला एक बंदर आहे, तिथून जहाज सुटलं. पहिला समुद्र ओलांडेपर्यंतचं मी फारसं सांगू शकत नाही, कारण तो मी आडवा होऊन ओलांडला. धरणाच्या कचेरीत जन्म गेला तरी मला पोहता येत नाही, आणि पाणी इतकं उड्या मारतं हे मला आमच्या सिंदफणा नदीनं कधी दाखवलं नव्हतं. मामा दर थोड्या वेळानं येऊन माझी पापणी ओढायचे. "रवंथ थांबलंय," असं म्हणून जायचे. स्वतः जेवणघरात बसून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी खायचे आणि सोबतच्या परदेशी म्हाताऱ्यांना वाटायचे. मी उठून बसेपर्यंत अर्ध्या जहाजाचे कान त्यांनी तपासले होते.

आमच्या मोहिमेची प्रमुख एक उंच, शांत बाई होती. मामा तिला मॅडम म्हणायचे, ती त्यांना डॉक्टर. बर्फावर उतरण्याआधी तिनं सगळ्यांना बसवून नियम सांगितले. तिथं काही न्यायचं नाही. खायचं तर नाहीच, पण बुटाला चिकटलेली माती, मोज्यात अडकलेलं बी, तेही नाही. मग प्रत्येकाचे कपडे तपासले. मामांची घोंगडी टेबलावर पसरल्यावर तिथली दोन पोरं चिमटे घेऊन बसली आणि उठायचं नाव घेईनात. पालीच्या माळावरचं जेवढं म्हणून गवत आहे तेवढ्याचं कुसळ त्या घोंगडीत होतं. माझा जीव शरमेनं अर्धा झाला. मामा मात्र खुर्ची ओढून त्यांच्यात बसले आणि एकेक काढून दाखवू लागले. "हे कुसळ. हे गोखरू. हे लांडगं, हे लई वाईट, मेंढीच्या लोकरीत शिरलं की निघत न्हाई." मी जमेल तसं इंग्रजी करत होतो. शेवटी मॅडमनं हसून सांगितलं, घोंगडी जहाजावरच राहील. मामांनी मान हलवली. "बरोबर हाय. गाजरगवत बी असंच आलतं आमच्याकडं. एकदा आलं ते आलं."

आणि मग तिनं दुसरा नियम सांगितला. तिथून काही आणायचंही नाही. खडा नाही, पीस नाही, बर्फाचा तुकडा नाही.

मामांनी माझ्याकडं पाहिलं. मी गडू घेऊन मॅडमकडं गेलो. मावंदं म्हणजे काय हे इंग्रजीत सांगायला मला जी कसरत करावी लागली ती मी इथं सांगत नाही. एवढं सांगतो, की माझं संपल्यावर तिला वाटलं, मामी वारल्या आहेत. तो गैरसमज काढला. मग तिनं गडू हातात घेऊन पाहिला, छान आहे म्हणाली, आणि नाही म्हणाली. एकाला दिलं की सगळ्यांना द्यावं लागेल, आणि पुढच्या जहाजालाही.

खोलीत आल्यावर मी मामांना युक्ती सांगितली. "मामा, ह्या जहाजावरचं पाणी ह्याच समुद्राचं गोडं करून वापरतात. नळाखाली गडू धरला की झालं."

मामा खिडकीपाशी गेले. बाहेर घराएवढाले बर्फाचे डोंगर वाहत होते. "काशीतल्या नळाला बी गंगाच येत असंल," ते म्हणाले. "म्हणून नळाचा गडू भरून कोण आणतं का?"

"मग मॅडमला मी परत विचारतो. वयस्कर माणूस आहे म्हणतो."

"न्हाई. साथ आली की मी जनावरांचा बाजार बंद करायचो. लोकं पाय धरायची. डॉक्टर, एकच बैल हाय, एवढा जाऊ द्या. मी एक सोडला न्हाई. आता मी म्हणू का, मॅडम, एकच गडू हाय?"

गडू त्यांनी घोंगडीत गुंडाळून ठेवला. त्या दिवशी ते जेवणघरात आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही उतरलो. पेंग्विन म्हणजे पांढरा सदरा, वर काळं जाकीट, पोट पुढं, चाल संथ, असे शेकडो पुढारी एकाच ठिकाणी सोडून दिल्यासारखे. फक्त कुणी हात जोडत नव्हतं. वास म्हणाल तर कोंबड्यांच्या शेडात मासळी वाळत घातल्यासारखा. नियम असा, की आपण त्यांच्यापासून लांब राहायचं. तेच जवळ आले तर हलायचं नाही. मामा एका जागी उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात पाठीमागं घेतले. जनावराला सुई दिसू नये म्हणून आयुष्यभर घेत आले तसे.

एक पेंग्विन वळला. डुलत डुलत थेट मामांच्या बुटापर्यंत आला. बुटाचा पट्टा चोचीनं ओढून पाहिला. मग मान वर करून त्यानं मामांचं तोंड नीट न्याहाळलं, आणि पळाला नाही. तिथंच, मामांच्या पायाशी, पाठ करून उभा राहिला, जसा काही मामा एखादा खांब आहेत आणि ऊन लागतंय म्हणून तो आडोशाला आलाय. मामांनी मागं घेतलेले हात एकमेकांत घट्ट अडकवले. कान धरायची सवय आवरणं किती कठीण ते मला दिसत होतं. एक तर पेंग्विनचा कान दिसतही नाही.

होडीत परत बसल्यावर ते हळूच म्हणाले, "त्याला ठाऊकच न्हाई, मी कोण हाय."

मी पाहिलं तर नाक, डोळे, सगळं वाहत होतं. मी म्हणालो, "मामा, काय झालं?"

"नाक वलं असणं चांगलं लक्षण हाय," मामा म्हणाले आणि तोंड फिरवलं.

परतीला लागण्याआधी भोंग्यावरून पुकारलं, ज्याला ह्या पाण्यात उडी मारायची हौस असेल त्यानं खाली यावं. जहाजाच्या कडेला शिडी सोडली होती. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, एकेकानं उडी मारायची, किंचाळायचं आणि ओढून वर यायचं. तरण्या पोरांची रांग लागली. मी मजा बघायला म्हणून निघालो तर मामा माझ्यापुढं, पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर, खांद्याला घोंगडी.

"मामा, हे काय?"

"पाणी नेता येत न्हाई. डुबकी तर मारता येती."

आता हेही सांगायला पाहिजे. आमच्याकडं तीर्थाला गेलेला माणूस स्वतःची डुबकी मारतो आणि मग जे येऊ शकले नाहीत त्यांचं एकेकाचं नाव घेऊन त्यांचीही मारतो. न आलेल्याला ती पोचते. पोचते म्हणजे पोचते, त्यात शंका नसते.

जहाजाच्या डॉक्टरनं मामांची नाडी बघितली. मामांनी त्याचा कान बघितला. दोघांचंही ठीक निघालं. मामांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला, घोंगडी दिली, टॉवेल दिला. "इथं शिडीपाशी थांबा," म्हणाले, आणि खालच्या पायरीवर जाऊन उभे राहिले. उडी नाही मारली. सूर्याकडं तोंड करून हात जोडले. मग मामींचं माहेरच्या आडनावासकट पूर्ण नाव घेतलं, मोठ्यानं, जहाजभर ऐकू जाईल असं, एका हातानं नाक धरलं आणि डोहात म्हैस बसते तसे शांतपणे पाण्यात बसले. डोकं दिसेनासं झालं.

वर आले तेव्हा ओठ निळे. परत नाक धरायला लागले तर दोर ओढला गेला.

"थांबा की बे," मामा ओरडले. "माझी राहिली."

दोर धरणाऱ्या पोराला काय कळणार? त्यानं आणखी जोरात ओढलं. मी वरून मॅडमला सांगत होतो, वन मोअर, वन मोअर. ती म्हणाली, ह्या वयाला एकच. आणि तिचं बरोबर होतं, शिडी चढेपर्यंत मामांच्या दाढा वाजायला लागल्या होत्या. मी टॉवेल लावला, घोंगडी गुंडाळली.

"मामा, आधी स्वतःची मारायची ना," मी म्हणालो. "एकच मिळणार हे ठाऊक होतं तुम्हाला."

"वाढणारा आधी जेवतो का?" मामा म्हणाले. जरा ऊब आल्यावर म्हणाले, "तिला ह्यातलं सांगायचं न्हाई. मी पाण्याचा शब्द दिलता. पाणी न्हाई आणलं ते न्हाई आणलं. डुबकीचं सांगितलं तर सबब सांगितल्यासारखं व्हतंय."

येताना विमान चुकलं, पुढचं उशिरा मिळालं, आणि आम्ही पालीला पोचलो ते मामींनी आधीच ठरवलेल्या मावंद्याच्या ऐन दिवशी. मांडव पडला होता, पुरणाचा वास रस्त्यापर्यंत आला होता, बायका-माणसं येऊन बसली होती. माझी बायको पळी आणि फुलपात्र घेऊन तयार. मामी हिरव्या लुगड्यात दारातच उभ्या होत्या. त्यांनी आधी मामांच्या पायावर पाणी घातलं, मग दोन्ही हात पुढं केले. मामांनी गडू दिला.

मामींच्या हाताला वजन कळलं. त्यांनी गडू कानापाशी नेऊन हलवला.

"रिकामा हाय?"

"रिकामा हाय," मामा म्हणाले.

शेजारचे एक म्हातारे शेतकरी पुढं बसले होते. ते म्हणाले, "डॉक्टर, जगाच्या टोकाला गेलताव आन् गडू बुडवायला इसरलाव का?" लोक हसले.

"तिथून काही उचलू देत न्हाईत," मामा म्हणाले. "साथीत मी तुमचा बैल बाजारात सोडला नव्हता, ध्यानात हाय का?"

"हाय की. लई शिव्या दिल्या होत्या तुमाला."

"तसंच हाय ते. तिथं मी बैलवाला."

म्हाताऱ्यानं मान हलवली, त्याचं समाधान झालं. पण मामी तशाच उभ्या. गडू पोटाशी धरलेला. सगळ्या माणसांत त्या हळूच म्हणाल्या, "मग माझी काशी?"

मामांनी घोंगडीची घडी घालायला घेतली. मला ते सहन झालं नाही, आणि खरं सांगायचं तर गप्प बसण्यात मी कधीच हुशार नव्हतो. मी सगळं सांगून टाकलं. शिडी, दोर, चड्डी, पूर्ण नाव, निळे ओठ. मामा मध्ये दोनदा "जावईबापू" म्हणाले, पण मी थांबलो नाही.

"माझ्या नावानं मारली?" मामींनी मामांना विचारलं.

"हं."

"आन् तुमची?"

"दोर वढला त्यांनी."

"म्हंजी तुमची राहिली."

"राहिली."

मामींनी लुगड्याच्या पदरानं गडू पुसला, जरा वेळ लागला पुसायला. मग म्हणाल्या, "माझी झाली, तुमची राहिली. अर्धवट ठेवून चालतंय व्हय? चला काशीला. तिथं दोर बांधून कोण वर वढीत न्हाई."

मामांनी सवयीनं मांडवावर नजर फिरवली. "ह्या दिसांत कुठं साथ-बीत..." त्यांनी विचारलं.

"न्हाई डॉक्टर," म्हातारे म्हणाले. "सगळी ढोरं ठणठणीत हायती."

"गर्दी असती लई," मामा पुटपुटले.

"मी हात धरंन तुमचा," मामी म्हणाल्या. आणि मांडवाकडं वळून, "वाढा गं बायांनो. जेवा सगळे पोटभर. हे मावंदं न्हाई, वाटं लावायचं जेवण हाय. मावंदं आल्यावर घालू."

मामा पंगतीत बसले. मामींनी त्यांना आधी वाढलं, आणि वाढता वाढता, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, त्यांचा कान धरून पाहिला. गरम असावा. एक पोळी जास्त वाढली.

संध्याकाळी एसटीनं आम्ही दोघं माजलगावला निघालो. खिडकीशी बायको. ती बाहेरचा ऊस बघत होती आणि मला वाटलं, मामींच्या विचारात आहे. मग तिनं विचारलं, "मामा पाण्यात होते तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"शिडीपाशी. वरती."

"रांगेत?"

"रांगेत असं नाही. बाजूला. टॉवेल होता ना माझ्याकडं. घोंगडी होती, चष्मा होता."

"मामांचं झाल्यावर ते सगळं मोकळं झालं असेल."

मी तिला समजावून सांगितलं, की असल्या थंडीत बाहेर आलेल्या माणसाला टॉवेल लगेच मिळणं किती महत्त्वाचं असतं. अशा वेळी सोबतच्या माणसानं जागा सोडून चालत नाही. शिवाय पोहण्याचं तुला ठाऊकच आहे. आणि नावाचं म्हणशील तर मनातल्या मनात मी सगळ्यांचं घेतलं होतं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"एवढं मोठं जहाज," बायको म्हणाली, "एक खुंटी नव्हती का त्याला?"